कम्युनिटी कॉलेजचं नर्सिंग: फी साडेतीन हजार डॉलर, मग बाकीचे पैसे जातात कुठे?

आमच्या इथल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज येतोच, "ताई, मी पण नर्सिंग करू का? कम्युनिटी कॉलेजला फी फार नसते म्हणे." त्याखाली पाच जणी लिहितात कर कर, डिमांड आहे, दोघी लिहितात बघ बाई, फार हाल असतात, आणि विषय हळदीकुंकवाच्या तारखेवर जातो. आकडे कुणीच मांडत नाही. मी पुण्यात बी.कॉम. केलेलं, लग्नानंतर एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी या कामाच्या व्हिसामागे बायकोला मिळतो त्या व्हिसावर, कॅलिफोर्नियात, बे एरियात आले, आठ वर्षं घरी काढली आणि सदतिसाव्या वर्षी एडीएनला, म्हणजे असोसिएट डिग्री इन नर्सिंगला बसले. बी.कॉम.ची खोड जात नाही म्हणून पहिल्या दिवसापासून एका दोनशेपानी वहीत सगळा हिशोब लिहिला होता, त्याच वहीवरून हे सांगतेय. माझे आकडे कॅलिफोर्नियाचे आहेत, तुमच्या राज्यात वेगळे येतील, पण मांडायची रीत तीच.

अगोदर दोन वाक्यांत डिग्री काय ते. एडीएन कागदावर दोन वर्षांची, बीएसएन (बॅचलर ऑफ सायन्स इन नर्सिंग) चार वर्षांची, पण दोन्ही करून परीक्षा एकच द्यायची, एनक्लेक्स-आरएन, आणि लायसन्सही एकच मिळतं, रजिस्टर्ड नर्सचं. त्यामुळे कम्युनिटी कॉलेजवाली म्हणजे अर्धी नर्स असं काही नसतं, फरक पडतो तो नोकरी शोधताना, त्यावर खाली येतेच.

आणि ज्यांनी महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंग किंवा जीएनएम केलंय त्यांनी इथे परत पहिलीपासून बसू नका. तुमचा रस्ता वेगळा आहे: आधी भारतातल्या कागदांचं मूल्यमापन, ज्यासाठी बरीच राज्यं सीजीएफएनएस (आताचं नाव ट्रूमेरिट) या परदेशी नर्सेसचे कागद तपासणाऱ्या संस्थेकडे पाठवतात, आणि मग थेट एनक्लेक्स. एखादा विषय कमी पडला तर तेवढाच करावा लागतो. माझ्या ओळखीत एकीने हे माहीत नसल्यामुळे दोन सेमिस्टर प्रीरिक्विझिट (प्रवेशाआधी करायचे विषय) करून घालवली.

पायरी पहिली: काम करता येणार आहे का?

हे सगळ्यात आधी, कॉलेजची वेबसाइट उघडायच्याही आधी. एच-४ वर शिकता येतं, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. पण शिकून झाल्यावर काम करायला ईएडी, म्हणजे कामाच्या परवानगीचं कार्ड, लागतं, आणि ते २०१५ च्या मे महिन्यात आलेल्या नियमानुसार साधारण अशांनाच मिळतं ज्यांच्या नवऱ्याचं (किंवा बायकोचं) आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरलेला अर्ज) मंजूर झालंय किंवा ज्यांचा एच-१बी सहा वर्षांच्या पुढे वाढलाय. नवऱ्याने नुकतीच कंपनी बदलली असेल आणि ग्रीन कार्डची फाइलच अजून सुरू नसेल, तर तुम्ही तीन वर्षं घासून आरएन व्हाल आणि लायसन्स फ्रेम करून भिंतीवर लावाल. म्हणून आज रात्री जेवणानंतर नवऱ्याला बसवून हे नीट विचारा, "बघू, होईल" या उत्तरावर समाधान मानू नका.

कुणीतरी सांगतं की नर्स झालीस की हॉस्पिटलच तुझा एच-१बी करेल. साध्या फ्लोअर नर्सच्या जागेसाठी हे सहसा होत नाही, कारण एच-१बीला त्या कामासाठी किमान बॅचलर्स डिग्री लागतेच असं दाखवावं लागतं आणि नर्सिंगमध्ये तर एडीएनवरही लायसन्स मिळतं. ग्रीन कार्डला मात्र नर्सेस शेड्यूल ए या टंचाईच्या कामांच्या यादीत येतात, म्हणजे लेबर सर्टिफिकेशनचा (या कामाला इथलं माणूस मिळत नाही हे सिद्ध करायचा) टप्पा वाचतो, पण पुढची भारताची रांग काही चुकत नाही. त्यामुळे इमिग्रेशनचा फायदा म्हणून नर्सिंग करू नका, तो हिशोबात शून्य धरा.

अजून एक, ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीपासून ईएडी रिन्यूअल टाकल्यावर आपोआप मिळायचं ते एक्स्टेंशन बंद झालंय. नवीन कार्ड हातात नाही तर त्या दिवसापासून कामावर जाता येत नाही. रिन्यूअल १८० दिवस आधी टाकता येतं, कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि हिशोबात दर रिन्यूअलला एखाद-दोन महिने बिनपगारी जाऊ शकतात असं धरूनच चाला. ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप असलेल्यांनी ही पायरी सोडून पुढे जा.

पायरी दुसरी: तुम्ही रेसिडेंट आहात का, म्हणजे कॉलेजच्या नजरेत

कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजची फी रेसिडेंटला (राज्याच्या रहिवाशाला) एका युनिटला, म्हणजे क्रेडिटला, ४६ डॉलर आहे, २०१२ पासून तीच. प्रीरिक्विझिट, जनरल एज्युकेशन आणि नर्सिंग धरून माझे ७५ युनिट झाले. ७५ गुणिले ४६, ३,४५०. संपली फी. मुलीच्या एका वर्षाच्या भरतनाट्यम आणि स्विमिंगला याहून जास्त गेले होते.

पण तुम्ही नॉन-रेसिडेंट असाल तर याच युनिटवर वरून अजून रक्कम लागते. ती कॉलेजनुसार बदलते, पण साडेतीनशे डॉलर धरली तरी ७५ युनिटला २९,७०० होतात. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसून. आणि इथे लोक चुकतात ते असं की एच-४ म्हणजे परदेशी विद्यार्थी, म्हणजे जास्तच फी, असं धरून मुकाट्याने भरतात. कॅलिफोर्नियात एच-४ वाल्यांना रेसिडेन्सी मिळू शकते, एफ-१ या विद्यार्थी व्हिसासारखी अडचण नसते. पूर्ण एक वर्ष राज्यात राहिल्याचे आणि इथेच राहायचा इरादा असल्याचे कागद द्यायचे, लीज, ड्रायव्हर्स लायसन्स, टॅक्स रिटर्न. मला अ‍ॅडमिशनच्या खिडकीवरच्या मुलीने पहिल्यांदा सरळ नॉन-रेसिडेंट टाकलं होतं. मी रेसिडेन्सीचा फॉर्म मागून घेतला, घरी जाऊन कागदांचा गठ्ठा घेऊन आले, तेव्हा बदललं. पहिल्या "नाही" वर परत फिरू नका.

टेक्सासमध्ये डिस्ट्रिक्टच्या आतले-बाहेरचे असा भेद, न्यू जर्सीत कौंटीचा. तुमच्या घराचा पत्ता कुठल्या बाजूला पडतो ते बघून मग कॉलेज निवडा.

सरकारी मदतीचं थोडक्यात. एफएएफएसए हा सरकारी अर्ज भरून मिळणारी पेल ग्रँट (वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर) एच-४ ला नाहीच. आणि ग्रीन कार्ड असलं तरी तुमच्याकडे आधीची बॅचलर्स असेल, भारतातली का होईना, तरी नाही. आपल्यातल्या बहुतेक बायका बी.कॉम., बी.एस्सी., बी.ई. असतात, त्यामुळे हा पैसा हिशोबातून काढून टाका. ग्रीन कार्डवाल्यांना लोन मिळू शकतं. टॅक्समध्ये लाइफटाइम लर्निंग क्रेडिट आहे, फीच्या २० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त २,००० डॉलर, पण दोघांचं मिळून उत्पन्न १,६०,००० च्या वर गेलं की कमी होत जातं आणि १,८०,००० ला संपतं. आयटीवाल्या नवऱ्यांच्या घरात ते अर्धवटच हाताला लागतं.

पायरी तिसरी: प्रीरिक्विझिट, जिथे खरी वर्षं जातात

"दोन वर्षांची डिग्री" ही जाहिरातीतली भाषा. नर्सिंगचा प्रोग्राम दोन वर्षांचा, पण त्यात शिरायच्या आधी अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, इंग्लिश कॉम्पोझिशन, सायकॉलॉजी, बऱ्याच ठिकाणी स्टॅटिस्टिक्स हे सगळं पाहिजे, आणि ते ए-बी ग्रेडने पाहिजे. घरचं बघत बघत केलं तर दीड वर्ष सहज.

भारतातली डिग्री इथे एका ठिकाणी उपयोगी पडते. डब्ल्यूईएस किंवा तशाच एखाद्या एजन्सीकडून इव्हॅल्युएशन करून घ्या आणि ते घेऊन काउन्सेलरला भेटा, काही कॉलेजं जनरल एज्युकेशनचे बरेच विषय माफ करतात. सायन्सचे विषय माफ होतील ही अपेक्षा ठेवू नका, ते इथेच, लॅबसकट, आणि बऱ्याच ठिकाणी पाच ते सात वर्षांच्या आत केलेले लागतात. म्हणजे आज मायक्रो केलं आणि मग दुसरं बाळ झालं, मग देशात वर्षभर जाऊन आलो, असं झालं तर तो विषय शिळा होतो. हे लक्षात ठेवून सुरू करा.

मग प्रवेश परीक्षा, बहुतेक ठिकाणी टीज, काही ठिकाणी हेसी. टीजमध्ये वाचन, गणित, सायन्स आणि इंग्लिश, एकूण १७० प्रश्न. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत पास व्हायला ६२ टक्के लागतात, पण ६२ वर सीट मिळेल असं समजू नका. गणित आपल्याला सोपं जातं, मार्क जातात ते इंग्लिशच्या विरामचिन्हांत.

आणि मग सीटा. कॉलेजला अर्ज शेकड्यांनी, जागा चाळीस-पन्नास. कुठे पॉइंट सिस्टिम, कुठे लॉटरी, कुठे चक्क वेटिंग लिस्ट. बे एरियात ओलोनी, शबो, डी अँझा, एव्हरग्रीन व्हॅली अशी चार-पाच कॉलेजं गाडीच्या अंतरावर आहेत आणि प्रत्येकाचे निकष, तारखा, विषय थोडे थोडे वेगळे. मी एक एक्सेल शीट केली होती, एका कॉलमात विषय, पुढे प्रत्येक कॉलेजची टिकमार्क. फक्त घराजवळच्या एकाच कॉलेजवर वर्ष लावू नका. का, ते आता हिशोबात दिसेल.

पायरी चौथी: आता वही उघडा

माझ्या वहीतली पानं जशीच्या तशी सांगते.

फी ३,४५०.

पुस्तकं, एटीआयचं अभ्यास-सरावाचं ऑनलाइन पॅकेज, दोन युनिफॉर्म, बूट, स्टेथोस्कोप, बॅकग्राउंड चेक, ड्रग टेस्ट, बीएलएस म्हणजे सीपीआरचं कार्ड, रक्ताच्या तपासण्या, पार्किंग, आणि शेवटी लायसन्सचा अर्ज ३०० व एनक्लेक्सचे २०० धरून सगळं मिळून ३,८००. यातली पुस्तकं जुन्या एडिशनची घेतली असती तर पाचेकशे वाचले असते, पण पहिल्या सेमिस्टरला माणूस घाबरलेला असतो, सांगतील ते घेतो.

इथे एक बारीकसारीक गोष्ट, पण आपल्या लोकांना हमखास नडणारी. क्लिनिकलला, म्हणजे पेशंटांसोबतच्या प्रत्यक्ष कामाला, जायच्या आधी टीबीची टेस्ट लागते. आपल्या सगळ्यांच्या दंडावर बीसीजीचा तो गोल व्रण असतो, त्यामुळे कातडीवरची टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते. माझा हात दोन दिवसांत पुरीसारखा टम्म फुगला, नर्सने पट्टी लावून मोजलं आणि भुवया वर केल्या, मग छातीचा एक्स-रे, मग डॉक्टरचं पत्र, आणि कागद वेळेत पोचले नाहीत तर सीट जाईल अशी ईमेल. हे सगळं टाळायला पहिल्यापासूनच रक्ताची टेस्ट मागा, क्वांटिफेरॉन म्हणून असते, तिला बीसीजीमुळे फरक पडत नाही. गोवर, कांजिण्या, हेपेटायटिस बीचे टायटरही (अंगात प्रतिकारशक्ती आहे का ते दाखवणारी रक्ताची टेस्ट) आधीच करून घ्या, हेपेटायटिसचे डोस परत घ्यावे लागले तर काही महिने जातात.

मुलीचं आफ्टर-स्कूल आणि सुट्टीतले कॅम्प, महिन्याला ९०० प्रमाणे २० महिने, १८,०००. क्लिनिकलला सकाळी पावणेसातला हजर राहायचं असतं, शाळा साडेआठला, मधले दोन तास कुणाचे? सासूबाई सहा महिने आल्या होत्या, तेवढेच महिने वहीत शून्य आहेत. (त्यांच्या तिकिटाचे धरले नाहीत, नवरा म्हणाला ते तरी सोड.)

आता ती रक्कम जी कुणीच धरत नाही. माझ्याकडे ईएडी होतं, मी नर्सिंग न करता तासाला २२ डॉलरची, आठवड्याला ३० तासांची एखादी ऑफिसातली किंवा बँकेतली नोकरी करू शकले असते. वर्षाचे पन्नास आठवडे धरून ३३,०००, टॅक्स जाऊन हातात १९,१०० च्या आसपास. दोन वर्षांचे ३८,२००. हे पैसे मी खर्च केले नाहीत, पण मिळवलेही नाहीत, म्हणून ते खर्चाच्याच बाजूला.

बेरीज ६३,४५०. त्यात फी किती, ३,४५०. साडेपाच टक्क्यांच्या आत. ज्या आकड्यावरून सगळ्या बायका "परवडतं गं" म्हणतात तो आकडा आख्ख्या बेरजेत लोणच्याच्या फोडीएवढा.

पायरी पाचवी: मिळकत, पण हातात पडणारी

सरकारी आकड्यांप्रमाणे मे २०२४ मध्ये देशभरात आरएनचा मध्यम पगार वर्षाला ९३,६०० डॉलर होता. सगळ्यात खालच्या १० टक्क्यांना ६६,०३० पेक्षा कमी, वरच्या १० टक्क्यांना १,३५,३२० पेक्षा जास्त. कॅलिफोर्निया या यादीत पार वर असतं, साउथ डकोटासारखी राज्यं तळाला. यूट्यूबवर जो आकडा दाखवतात तो नेहमी कॅलिफोर्नियाचा आणि तोही वीस वर्षं झालेल्या, ओव्हरटाइम करणाऱ्या नर्सचा. तुम्ही नव्या आहात, तुमच्या गावचा आकडा धरा, मध्यम पगाराच्या खालचाच धरा.

माझी पहिली नोकरी मोठ्या हॉस्पिटलात नव्हती. हॉस्पिटलांच्या जाहिरातीत "बीएसएन प्रिफर्ड" असायचं आणि त्याचा अर्थ पहिल्या चाळीस अर्जांनंतर कळला. शेवटी एका स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटीत लागले, म्हाताऱ्या आणि ऑपरेशननंतरच्या पेशंटांचं ठिकाण, तासाला ५२ डॉलर, आठवड्याला ४० तास. वर्षाला १,०८,१६०. आईला फोनवर रुपयांत सांगितलं तर तिने दोनदा विचारलं, महिन्याला का वर्षाला.

आता टॅक्स. इथे बऱ्याच जणींचा मोठा गोंधळ असतो. नवरा-बायको एकत्र रिटर्न भरतात तेव्हा तुमच्या पगाराचा पहिला डॉलरसुद्धा नवऱ्याच्या पगाराच्या डोक्यावर बसतो, खालच्या स्वस्त पायऱ्या त्याने आधीच वापरलेल्या असतात. आमच्याकडे फेडरल २२-२४ टक्के, कॅलिफोर्नियाचा ९.३, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर ७.६५, वर राज्याचा डिसॅबिलिटी इन्शुरन्स एक टक्क्याच्या थोडा वर. शंभरातले बेचाळीस गेले. हातात ६२,७००.

यातून ती बँकेची नोकरी केली असती तर मिळाले असते ते १९,१०० वजा करा, ४३,६०० राहिले. फुलटाइम कामामुळे वाढलेला मुलीचा खर्च वर्षाला १०,००० वजा करा, ३३,६००. हा नर्सिंगमुळे दरवर्षी पडणारा खरा जास्तीचा पैसा. ६३,४५० भागिले ३३,६००, म्हणजे एक वर्ष अकरा महिन्यांच्या आत सगळं वसूल.

आता याच आकड्याला उलटं करून बघा. वर्षाला ३३,६०० जास्त मिळणार असतील तर वेटिंग लिस्टवर घालवलेलं प्रत्येक वर्ष तुम्हाला ३३,६०० ला पडतं, फीच्या जवळजवळ दहापट. एखादा विषय नापास होऊन वर्ष मागे पडलात, तेवढेच. म्हणून पाच मैलांवरचं कॉलेज चाळीस डॉलर स्वस्त की महाग हे बघत बसण्यापेक्षा कुठे लवकर सीट मिळते, तिथले किती विद्यार्थी वेळेत पास होतात आणि पहिल्याच फटक्यात एनक्लेक्स किती जण काढतात हे बघा. एनक्लेक्सचा पास रेट राज्याच्या बोर्ड ऑफ रजिस्टर्ड नर्सिंगच्या साइटवर कॉलेजवार असतो, फुकट. मी डी-मार्टात दोन साबणांचे भाव लावून बघणारी बाई, पण हा तक्ता मी प्रवेश घेतल्यानंतर बघितला!

टेक्सास, फ्लोरिडात राज्याचा इन्कम टॅक्स नाही, पगार कमी पण कापला कमी जातो. ६६,००० चा पगार, २२ टक्के फेडरल आणि ७.६५ गेले तर ४६,४०० हातात. तुमचे आकडे घालून तीच वजाबाकी करा.

मग अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएन का नाही?

ज्यांच्याकडे आधीच कुठलीही बॅचलर्स आहे त्यांच्यासाठी १२ ते १८ महिन्यांचा अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएन असतो. प्रीरिक्विझिट तिथेही लागतातच. खासगी विद्यापीठात त्याची फी ६०,००० धरा, याहून बरीच जास्तही असते. वरवर बघता वेडेपणा वाटतो, ३,४५० कुठे आणि ६०,००० कुठे. पण वर्षभर लवकर नोकरीला लागलात तर ३३,६०० तिथे वाचले, आणि एडीएनवालीला नंतर ऑनलाइन बीएसएन करायला दहाएक हजार लागतात तेही वाचले. फरक उरला १३,००० चा. म्हणजे कम्युनिटी कॉलेजात सीटसाठी एक वर्ष जास्तीचं थांबावं लागत असेल तर महागडा कोर्स प्रत्यक्षात स्वस्त पडतो. माझ्यासमोर हे गणित कुणी मांडलं असतं तर मी निदान दोन ठिकाणी तरी अर्ज टाकला असता. अर्थात ६०,००० रोख किंवा लोन काढून आणायचे आणि मध्येच ईएडीचा घोळ झाला तर काय, हाही विचार आहेच, एच-४ वर मी लोन काढून हा कोर्स केला नसता.

बीएसएनची गरज किती, हे राज्यावर आहे. न्यूयॉर्कमध्ये २०१७ सालच्या कायद्याप्रमाणे नव्या आरएनला दहा वर्षांत बीएसएन करावंच लागतं. बाकी ठिकाणी कायदा नसला तरी मोठी हॉस्पिटलं, विशेषतः मॅग्नेट (नर्सिंगच्या दर्जाचा किताब) म्हणवणारी, बीएसएनकडेच बघतात. कॅलिफोर्नियातल्या काही कम्युनिटी कॉलेजांचा जवळच्या कॅल स्टेटशी (राज्याच्या सरकारी विद्यापीठाशी) करार असतो आणि एडीएन चालू असतानाच बीएसएनचे विषय सुरू करता येतात, तशी सोय असेल तर डोळे झाकून घ्या.

खासगी, "वेटिंग लिस्ट नाही" अशा पाट्या लावलेल्या संस्थांपासून मात्र जपून. एका ठिकाणी मला त्याच एडीएनचे ७५,००० सांगितले, गोड बोलून दीडशे डॉलर डिपॉझिटही घेतलं जे परत आलं नाही. फोन ठेवायच्या आधी दोन प्रश्न विचारायचे: राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता आहे का, आणि एसीईएन किंवा सीएनईए या संस्थांची अ‍ॅक्रेडिटेशन, म्हणजे दर्जाची मान्यता, आहे का. पहिली नसेल तर एनक्लेक्सला बसता येत नाही, दुसरी नसेल तर पुढे बीएसएनला आणि काही नोकऱ्यांना अडतं. कॅलिफोर्नियातल्या काही चांगल्या सरकारी कॉलेजांकडेही दुसरी नसते, पण ३,४५० देऊन ती उणीव चालवून घेणं वेगळं आणि ७५,००० देऊन वेगळं. आणि शिकवल्याशिवाय डिग्री देतो म्हणणारा भेटला तर पळा. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या तीन शाळांनी ७,६०० च्या वर बनावट नर्सिंग डिप्लोमा विकल्याचं प्रकरण उघड झालं, २५ जणांवर आरोप ठेवले गेले.

पायरी सहावी: हे काम आपल्याला जमणार आहे का

याला डॉलर लावता येत नाहीत, पण न जमल्यामुळे अर्धवट सोडलेल्या कोर्ससारखा महाग कोर्स दुसरा नाही. आमच्या बॅचमधल्या बऱ्याच जणी पहिल्या वर्षातच गळाल्या. पासिंग पस्तीसला नसतं, ७५ च्या आसपास असतं, आणि दोनदा नापास झालात की बहुतेक प्रोग्राम बाहेरच काढतात. औषधांच्या डोसचं गणित वेगळं, त्यात तर ९० च्या वरच पाहिजे.

स्किल्स लॅबमध्ये कॅथेटर घालायची परीक्षा होती, पुतळ्यावर. स्टराइल ट्रे उघडायचा, हातमोजे असे चढवायचे की बाहेरच्या बाजूला बोट लागता कामा नये, हात कंबरेच्या खाली न्यायचा नाही, ट्रेकडे पाठ करायची नाही. मला एकदम आजीचं सोवळं आठवलं, ती कद नेसून नैवेद्याचा स्वयंपाक करायची आणि आम्ही पोरं उंबऱ्याच्या अलीकडे, कुणाचा फ्रॉक नुसता घासला तरी परत आंघोळ. त्या दिवसापासून मी मनात तेच म्हणायचे, ट्रे सोवळ्यात आहे. तरी पहिल्या खेपेला माझी बाही कोपऱ्याला लागली आणि मॅडमने मान हलवली, आठवड्याने परत.

क्लिनिकलला पहिल्याच दिवशी एका ऐंशीच्या आजोबांना स्वच्छ करायचं होतं. घरी कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. हे आपल्याच्याने होईल का हे आधी बघायचं असेल तर सीएनएचा (सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट, म्हणजे नर्सच्या मदतनिसाचा) कोर्स करा. केंद्राचा नियम किमान ७५ तासांचा आहे, कॅलिफोर्नियात १६० लागतात. काही कॉलेजांत तो पॉइंट म्हणूनही धरतात, आणि ईएडी असेल तर शिकता शिकता शनिवार-रविवारचं कामही मिळतं. तिथेच कळतं की आपल्याला वासाचा त्रास होतो, की कंबरेचा, की काहीच नाही. मला कंबरेचा होता, वास तिसऱ्या दिवशी गेला.

शेवटचा टप्पा: परीक्षा आणि ऑफर

एनक्लेक्स कॉम्प्युटरवर, कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, पाच तास. तुमच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न सोपा की अवघड ते ठरतं आणि मशीनला खात्री पटली की मध्येच बंद होतं. एप्रिल २०२३ पासून पॅटर्न बदललाय, एकेका पेशंटची पूर्ण केस देऊन त्यावर प्रश्न येतात, म्हणून मैत्रिणीची जुनी पुस्तकं वारशाने घेऊ नका. ग्रॅज्युएशननंतर दीड-दोन महिन्यांत देऊन टाका, नंतर डोक्यातून उतरतं आणि वहीतला ३३,६०० चा मीटर चालूच असतो.

लायसन्सचं एक बघून ठेवा. ज्या राज्यांचा आपसात कॉम्पॅक्ट आहे, टेक्सास, न्यू जर्सी, फ्लोरिडा, व्हर्जिनिया वगैरे, तिथलं मल्टिस्टेट लायसन्स दुसऱ्या कॉम्पॅक्ट राज्यातही चालतं. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क त्यात नाहीत. नवऱ्याची नोकरी आज इथे उद्या डॅलसला अशी असेल तर बदलीच्या वेळी नवीन लायसन्सचे दोन-तीन महिने हिशोबात धरा. मल्टिस्टेटला सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. कॅलिफोर्नियाचं लायसन्स आयटीआयएन या टॅक्स भरायच्या नंबरवरही मिळतं, म्हणजे ईएडी यायच्या आधी परीक्षा देऊन ठेवता येते.

ऑफर आली की तासाचा दर एवढाच बघून नाचू नका. हॉस्पिटलात फुलटाइम म्हणजे बहुतेक वेळा बारा-बारा तासांच्या तीन शिफ्ट, ३६ तास, ४० नाही, त्यामुळे वर्षाचा गुणाकार २,०८० ने न करता १,८७२ ने करा. नाइट डिफरन्शिअल (रात्रपाळीचा जादा दर) वेगळं लिहून घ्या, नव्यांना रात्रपाळीच मिळते आणि तासाला चार-पाच डॉलरही वर्षाला बरेच होतात. नवऱ्याचा हेल्थ इन्शुरन्स चांगला असेल तर पर डीएम (गरज पडेल तेव्हा बोलावतात ते) काम विचारा, दर जास्त असतो पण तास मिळतीलच याची हमी नसते. साइन-ऑन बोनस देत असतील तर त्याच्या खाली बारीक अक्षरात असतं की दोन वर्षांच्या आत सोडलंत तर परत द्यायचा. माझ्या ऑफरमध्ये ते कलम तिसऱ्या पानावर होतं. ईएडी संपून काम थांबलं तर त्याला "सोडलं" म्हणतात का, एवढं एचआरला ईमेलने विचारा आणि उत्तर लेखी आल्यावरच सही करा.